पहिल्या नावापाशी

मामंजी,

तुमचा गुडघा कसा आहे? उजवा, दहा पावलं टाकली की तुम्हाला थांबायला लावणारा. तिकडं चढउतार असला तर जपून चाला. काठी इथंच राहिली आहे, दाराच्या मागं, तुम्ही ठेवली होती तिथंच. तुमच्या मंडळींचा, आत्याबाईंचा खोकला कमी झाला का? हळदीचं दूध पुढं केलं की त्या तोंड फिरवायच्या, आता तरी पितात का? कोल्हारच्या म्हातारबांचा दमा कसा आहे? हवालदारांना अजून मोठ्यानं बोलावं लागतं का, की तिकडं कान उघडले? तुमचे चिरंजीव तुमच्याकडं आले त्याला सहा वर्षं झाली. शेवटी शेवटी त्यांची साखर फार वाढली होती, त्यांना गुळाला हात लावू देऊ नका. आणि भिंगरी? तिच्या पायातला बाभळीचा काटा निघाला का? तो इथं शेवटपर्यंत निघाला नाही, म्हणून विचारते.

गेलेल्या माणसांची एकेक करून तब्येत विचारणारी म्हातारी कुणी पाहिली तर मला वेड्याच्या इस्पितळात नेऊन घालील. पण पत्र कसं लिहायचं हे तुम्हीच शिकवलंत. आधी घरातल्या एकेकाची चौकशी, मग आपली खुशाली, आणि काम सगळ्यात शेवटी. माझी खुशाली म्हणाल तर दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले, दात पुढचे चार आहेत, भाकरी अजून हातावर थापते. दुपारचं जेवण झालं, घरात कुणी नाही, केडगावचा आपला माळ आता माळ राहिलेला नाही आणि लिंबाच्या जागी चार मजली इमारत आहे, तरी दुपारी बाराच्या सुमाराला तिकडं बघायचं मी टाळते. एवढीच काय ती खोड राहिली आहे. बाकी सगळं ठीक.

आता काम. जनावरांची डॉक्टरीण झालेली एक मुलगी महिनाभर आपल्याकडं येते आहे. कारवानी कुत्र्याचा इतिहास लिहायचा म्हणते, पुस्तक छापणार आहेत. ही जात आपल्या मुलखात कशी आली, कुणी कुणी सांभाळली, कुणाच्या घरची कुत्री कुणाच्या घरी गेली, हे सगळं कुठंच लिहिलेलं सापडत नाही. सापडलं ते एका ठिकाणी, तुमच्या लाल कापडी वहीत. मी ट्रंकेतून ती काढून दिली तेव्हा मुलीनं आधी हात धुतले आणि मगच पान उलटलं, त्यावरून मी तिला ओळखलं. रोज येऊन एकेका पानाचा फोटो काढते. निळीत बुडवून उमटवलेले पंजे बघितले तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. मला म्हणाली, "आजी, हे कुणी शिकवलं त्यांना?" मी म्हटलं, "कुणी नाही. माणसाचा अंगठा घेतात, मग कुत्र्याचा पंजा का नको, असं म्हणायचे."

तर परवा ती वही घेऊन माझ्यापुढं बसली, पहिलं पान उघडलं आणि हसत हसत म्हणाली, "आजी, एक अडचण आहे. वहीतल्या प्रत्येक नावापुढं शेवटी 'गेला' किंवा 'गेली' असं लिहिलंय. माणसांच्याही आणि कुत्र्यांच्याही. फक्त पहिल्या नावापुढं नाही. तिथं नुसत्या बरोबरच्या खुणा आहेत, वर्षानुवर्षं. तुमच्या वहीप्रमाणं हे गृहस्थ अजून हयात आहेत." ती विनोदानं म्हणाली, मामंजी. मला मात्र पायाखालची फरशी गार लागली. उद्या सकाळी ती शेवटची येणार आहे. तेवढा एक रकाना मी भरून द्यायचा, म्हणजे पुस्तक छापायला जाईल. आणखी एक तिला हवं आहे, मोठ्या दुष्काळात क्लब मोडला का नाही, ते. त्याबद्दल वहीत दोनचार खुणांपलीकडं अक्षरही नाही. या दोन गोष्टी एकाच दिवसाच्या आहेत हे तिला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे की नाही, तेच मला विचारायचं आहे.

मी या घरात आले तेव्हा मला अक्षर ओळखता येत नव्हतं. तुम्ही लष्करी छावणीतल्या घोड्यांच्या दवाखान्यातून नुकते निवृत्त झाला होता. पट्टी बांधणारे ड्रेसर, पण गाव तुम्हाला डागदर म्हणायचं आणि मागं 'कुत्र्यांचा डागदर' म्हणून हसायचं. साहेबांचा क्लब बघितला होता म्हणून तुम्ही कुत्री पाळणाऱ्यांचा क्लब काढला. बारा गावांची अठरा माणसं, जाजम एकच, सगळ्यांना बसायला तेवढंच. धनगर आणि पाटील आणि स्टेशनजवळच्या बौद्धवस्तीतले रेल्वेचे गँगमन एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेले मी पहिल्यांदा तिथं पाहिले. आत्याबाई म्हणायच्या, "माणसांना माणसांचं पडलेलं नाही आणि हे कुत्र्यांची सोयरीक जुळवतात." तुमचं उत्तर ठरलेलं होतं. "अगं, घोडेवाल्या व्यापाऱ्यांच्या तांड्यामागं चालत ही जनावरं वाळवंटातनं इथवर आली. एवढं चालून आल्याली पाव्हणी. त्यांची नावनिशी तरी कुनी ठेवायची का न्हाई?"

तुमचे डोळे अधू व्हायला लागले तशी वही दुसऱ्याच्या हातात देणं भाग होतं. चिरंजीवांना कुत्र्यांचा तिटकारा. मग तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट टाकून बसलात आणि मी भाकरी करत असताना काठवटीतल्या पिठात मला अक्षरं काढायला लावलीत. पहिला शब्द 'भिंगरी'. मी म्हटलं, एवढा अवघड? तर म्हणालात, "अवघड आधी केलं म्हंजे बाकीचं सोपं जातं, सूनबाई. मानसाचं बी तसंच आस्तं." भिंगरी म्हणजे तुमची कुत्री. फिकट सोनेरी रंग, बारीक कंबर, तोंड भाल्याच्या पात्यासारखं. तुमच्या डाव्या अंगाला अर्धं पाऊल मागं चालायची. तुमचा गुडघा दहा पावलांवर अडायचा, तीही थांबायची, मान उजवीकडं वर करून तुमच्या हाताकडं बघायची, आणि तुम्ही पाय उचललात की मगच पाय उचलायची. मला माझं स्वतःचं नाव लिहिता आलं ते अकरावं. त्याच्या आधी दहा कुत्री झाली होती. त्या दिवशी तुम्ही मला शाईचा पेन दिलात, छावणीतून मिळालेला, टोपणाला चीर गेलेला. हे पत्र मी त्यानंच लिहिते आहे. निब दोनदा बदललं, पेन तोच.

वहीचे नियम तुम्ही मला असेच, भाकरी भाजता भाजता सांगितलेत. वर्षातून एकदा, पाडव्यानंतरच्या रविवारी, माळावरच्या लिंबाखाली सगळ्यांनी जमायचं आणि पलटणीत घेतात तशी हजेरी घ्यायची. नाव एकदाच पुकारायचं. मालकानं जनावर धरून 'हाय' म्हणायचं. मेलं असेल तर 'गेला'. मालक स्वतःच गेला असेल तर त्याच्या घरातल्यानं, आपल्या तोंडानं, 'गेले' म्हणायचं. दुसऱ्या कुणी म्हणून चालायचं नाही. आणि कुणीच काही बोललं नाही तर ते नाव उघडं ठेवायचं. मी विचारलं होतं, उघडं ठेवलं तर काय होतं? तुम्ही तव्यावरची भाकरी उलटायची खूण केलीत आणि म्हणालात, "दार उघडं ऱ्हायलं तर काय हुतं? कुनीतरी येतं."

माझ्यावर तुम्ही दोनदाच रागावलात, आणि त्या दोन्ही वेळचं बोलणं मला आज कामाला येतं आहे. पहिल्यांदा मी वहीत एक नाव चुकीचं लिहिलं आणि त्यावर रेघोट्या मारून ते खोडलं. तुमचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "वहीत खोडायचं न्हाई! चुकलं तर 'चुकलं' म्हनून म्होरं लिवायचं. खोडल्यालं कुनाला वाचता येत न्हाई, आनि जे वाचता येत न्हाई त्याचा मानूस संशय घेतो." दुसऱ्यांदा रागावलात ते भिंगरीवरून. तुम्ही तिला नावानं हाक मारायचा नाहीत. जीभ टाळूला चिकटवून सोडायचात, कोरडी फांदी मोडावी तसा 'टॉक' असा एकच आवाज, आणि ती जिथं असेल तिथं ताडकन उभी राहायची. मी मागच्या पडवीत चोरून चोरून तो आवाज शिकले. एकदा तिला खायला घालताना काढला, ती उभी राहिली, मला कोण आनंद! तुम्ही आतून आलात. "तो आवाज माझा हाय, सूनबाई. एका घरात दोगांची एकच हाक नसावी. जनावर गोंधळतं. मी हाय का तू हायेस, त्येला कळायचं न्हाई." मी त्यानंतर तुमच्या देखत तो कधी काढला नाही.

तुम्ही मला पहिल्यांदा माळावर हजेरी वाचायला नेलंत तेव्हा किती कुजबुज झाली! बाईमाणूस, त्यातून सून, पुरुषांच्या बैठकीत. हवालदार मोठ्यानं म्हणाले होते, त्यांना हळू बोलताच यायचं नाही, "डागदर, आता सुनेच्या हाताखाली परेड करायची का आमी?" तुम्ही म्हणालात, "व्हय. आनि बूट बी पॉलिश करून यायचं." सगळे हसले आणि विषय मिटला. पण खरी पंचाईत पुढंच होती. वहीतलं पहिलं नाव तुमचंच! सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं कसं? मी वही उघडली, तोंड उघडलं आणि तशीच राहिले.  पुरुष गालात हसायला लागले. तुम्ही औषधाच्या रिकाम्या पेटीवर बसला होता, छावणीतून आणलेली ती पेटी तुमची खुर्ची होती. तुम्ही म्हणालात, "नगं घेऊ नाव. नुसती थांब. तू थांबलीस म्हंजे माझं नाव पुकारलंस, असं समजायचं." मग तुम्ही टाळू वाजवलीत, भिंगरी उभी राहिली, तिच्याबरोबर बाकीचीही सगळी कुत्री उभी राहिली, आणि तुम्ही म्हणालात, "हाय." मी बरोबरची खूण केली. त्या दिवसापासून तुमचं नाव म्हणजे हजेरीच्या सुरुवातीची ती एका श्वासाची शांतता. या पत्रातही मी ते लिहिलेलं नाही. माझ्या तोंडून ते अजून एकदाही निघालेलं नाही, मामंजी.

तुम्ही गेलात ते हिवाळ्यात. आजारपण नाही, काही नाही. भिंगरी तीन दिवस तुमच्या बाजेखाली होती. तिसऱ्या दिवशी राख सावडून सगळे परत आले तर बाजेखाली कुणी नव्हतं. आम्ही शोधली, नाही असं नाही. कुणी म्हणालं पुणे रस्त्याला दिसली, कुणी म्हणालं मेंढरांच्या कळपामागं गेली. वर्षश्राद्ध व्हायचं होतं म्हणून त्या पाडव्याला क्लब भरला नाही. आणि पुढचं वर्ष दुष्काळाचं आलं.

तो दुष्काळ तुम्ही पाहिला नाहीत हे तुमचं नशीब. विहिरींच्या तळाशी उतरून माणसं वाटीनं पाणी भरत होती. चिरंजीव खडीच्या कामावर मुकादम म्हणून जायचे, घरी येताना अंगावर पांढरी भुकटी आणि रुमालात सुकडी. आम्ही रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या, त्या गिळताना घशाला ओरखडे पडत. अशात कुत्र्याला कोण घालणार? पाडव्याच्या आधी कोल्हारहून निरोप आला, एकदा जमू, वही मिटवू, आणि जनावरं सोडून देऊ. चिरंजीव म्हणाले, "बरं झालं. बाप गेला तेव्हाच मिटायला पायजे हुतं." त्यांनी येऊन 'गेले' म्हणायचं होतं, तो त्यांचाच मान होता. पण कामावरून सुट्टी मिळाली नाही, की त्यांनी मागितलीच नाही, ते मी कधी विचारलं नाही. मी एकटीच निघाले. वही काखेत, आणि डोक्यावर औषधाची पेटी. पेटी का घेतली म्हणाल तर सवयीनं. लिंबाखाली नेऊन ठेवली तेव्हा मला कळलं की तिच्यावर बसणारं कुणी नाही.

अठरांपैकी चौघे आले. लिंबाला पानं नव्हती, सावली म्हणजे नुसत्या फांद्यांच्या रेघा. कोल्हारचे म्हातारबा, हवालदार, पारनेरकडचा धनगर आणि स्टेशनचे गँगमन. चौघांची मिळून कुत्री तीन. गँगमननी आपली कुत्री घोंगडीत गुंडाळून रुळांच्या कडेकडेनं उचलून आणली होती, तिला चालवत नव्हतं. धनगराचे हात रिकामे. मी विचारलं तर म्हणाला, "दोन्ही सोडल्या, वहिनी, माळावर. लांबवर जाऊन दोगी वळून बघत हुत्या. म्या न्हाई बघितलं."  म्हातारबांनी पागोटं सोडून गुडघ्यावर ठेवलं. "डागदर गेला, क्लब गेला. मानसाच्या पोटाला न्हाई तिथं जनावराला कुठनं आनायचं? वाचा एकदा, पोरी. ज्याचं त्याचं 'गेला' म्हनू आनि मोकळं हू." हवालदार म्हणाले, "आनि लौकर वाचा. बारा वाजायला आलं. ह्या टायमाला माळावर मानसानं बसू न्हाई."

खरंच बारा वाजत आले होते. आपल्या सावल्या पायाखाली गेल्या होत्या. रस्त्यावर उन्हाचं पाणी हलत होतं, एकही बैलगाडी नाही, पाखरू नाही, आणि एवढ्या मोठ्या माळावर कसलाच आवाज नव्हता. मी वही उघडली. पहिलं नाव तुमचं. मी थांबले.

एक श्वास गेला. 'गेले' म्हणणारं तिथं कुणी नव्हतं. दुसरा श्वास गेला. चौघं माझ्याकडं बघत नव्हते, पेटीकडं बघत होते. आणि तेवढ्यात तो आवाज आला. कोरडी फांदी मोडावी तसा. टॉक.

तिन्ही कुत्री उभी राहिली, मामंजी. घोंगडीतली, जिला सकाळपासून मान उचलवत नव्हती, ती चारी पायांवर उभी राहिली. शेपट्या खाली, कान मागं, आणि तिघींची तोंडं पुणे रस्त्याकडं. हवालदारांना ऐकू येत नव्हतं, पण कुत्री दिसली आणि तेही उभे राहिले, टाचा जुळवून. रस्त्याला काहीच नव्हतं. मग त्या हलणाऱ्या उन्हातून काहीतरी बारीक सोनेरी वेगळं झालं आणि आमच्याकडं यायला लागलं.

भिंगरी होती ती. सव्वा वर्षानं. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी झालेली, पुढच्या पायानं किंचित लंगडत. पण आम्ही बघत होतो ते तिच्या अंगाकडं नाही, तिच्या चालीकडं. भुकेलेलं कुत्रं माणसं दिसली की धावत येतं, नाहीतर बिचकून लांब राहतं. ती चालत आली. दहा पावलं. मग थांबली. मान उजवीकडं वर केली, माणसाचा हात असतो तेवढ्या उंचीवर बघितलं, वाट बघितली. मग पुन्हा दहा पावलं. पुन्हा थांबली. रस्ता सोडून माळावर येईपर्यंत ती किती वेळा अशी थांबली ते मी मोजलं नाही, पण एकदाही घाई केली नाही. तिच्या उजवीकडं एका माणसापुरती जागा होती आणि त्या जागेत धूळसुद्धा उडत नव्हती. लिंबाखाली आली, आमच्यापैकी कुणाकडंही बघितलं नाही. पेटीजवळ उभी राहिली. तुम्ही टेकेपर्यंत ती बसायची नाही, आठवतं? ती उभीच राहिली, थोडी वाट बघितली, आणि मग बसली. हनुवटी तुमचा पाय असायचा तिथं टेकली. पेटी कुरकुरल्याचं म्हातारबा मरेपर्यंत सांगत होते. मी ते ऐकलेलं नाही. जे ऐकलं नाही ते मी लिहिणार नाही.

 मग गँगमन हळूच म्हणाले, "वहिनी, खूण करा आनि म्होरलं नाव वाचा." माझ्या हातानं तुमच्या नावापुढं बरोबरची खूण केली. पुढची नावं मी वाचली. जे आले होते ते 'हाय' म्हणाले. धनगराचं नाव आलं तेव्हा तो 'गेल्या' म्हणाला नाही. "उघडं ठेवा," म्हणाला, आणि तिथूनच माळानं निघून गेला, हाका मारत. दोघींपैकी एक त्याला सापडली, दुसरीला तो पुढच्या वर्षी 'गेली' म्हणाला. वही मिटायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. त्या वर्षी प्रत्येकानं आपल्या ताटातली अर्धी भाकरी कुत्र्याला कशी दिली ते ज्याचं त्याला ठाऊक. पाऊसपाणी झाल्यावर गळून गेलेल्या माणसांना क्लब आठवला, नऊ जण परत आले. परत आलेल्यांपैकी एकाच्या कुत्र्यापासून भिंगरीला चार पिल्लं झाली, आणि आज ती डॉक्टरीण मुलगी ज्या कुत्र्यांचे फोटो काढत फिरते त्यातली बरीचशी त्या चार पिल्लांच्या वंशातली आहेत. भिंगरी आणखी चार वर्षं जगली. रोज तुमच्या फिरायच्या वेळेला एकटी निघायची, दहा पावलांवर थांबत थांबत मारुतीपर्यंत जायची आणि परत यायची. शेजारणी दारं लावून घ्यायच्या. मी नाही लावलं.

ती गेली तेव्हा मी लिंबाखाली तिचं नाव रीतसर वाचलं आणि तुमचे चिरंजीव, कुत्र्यांचा तिटकारा असलेले, खणखणीत आवाजात 'गेली' म्हणाले. तुमच्यासाठीही एका वर्षी ते आले होते. घरून ठरवून आले होते. मी थांबले, कुत्री उभी राहिली, त्यांनी तोंड उघडलं, कुत्र्यांकडं बघितलं आणि मला म्हणाले, "वाच की पुढचं. माझ्या तोंडाकडं काय बघतीस?"  घरी भाकरी खाताना म्हणाले, "आबा कुत्र्यांना जेवढा जीव लावायचे, त्यातला जरा..." आणि पुढं पाणी प्यायले.

अशी तुमची हजेरी लागत राहिली. क्लब हळूहळू आपोआप थांबला, माणसं संपली, मी शेवटी एकटी उरले. सगळ्यांच्या नावापुढं कुणी ना कुणी 'गेले' म्हणालं. तुमच्यापुढं कुणी नाही. म्हणून वहीप्रमाणं तुम्ही आहात.

आता जे लिहायचं ते लिहिते. खोडायचं नाही, चुकलं तर चुकलं म्हणून पुढं लिहायचं, असं तुम्हीच सांगितलं होतं. त्या दिवशी माळावर टाळू मी वाजवली. पदर तोंडावर धरला होता, त्याच्या आड. चौघं वही मिटवायला बसले होते, घोंगडीतल्या त्या जनावराकडं मला बघवत नव्हतं, मला दुसरं काही सुचलं नाही. तुमचा आवाज मी चोरला. नंतर प्रत्येक वर्षी चोरला. म्हातारबा आयुष्यभर लोकांना सांगत राहिले की डागदरांनी वरून हाक दिली, आणि मी मान खाली घालून ऐकत राहिले. चुकलं. बाकीच्यांना कळलं असेलही. दुसऱ्या वर्षापासून मी टाळू वाजवली की कुत्री सरळ माझ्याकडं बघायची. जनावराला फसवता येत नाही, आवाज जिकडून येतो तिकडं ते बघतं. पदराआडची बाई कुत्र्यांना दिसली तर माणसांना का दिसणार नाही? कुणी बोललं नाही, एवढंच.

पण त्या पहिल्या दिवशी, मामंजी, मी त्या कुत्र्यांपासून तीन हातांवर बसले होते. आवाज माझा होता. तिघींपैकी एकीनंही माझ्याकडं बघितलं नाही. त्यांनी रस्त्याकडं बघितलं.

वाऱ्यानं भिंगरीचा वास आधी आला असेल, असं मी स्वतःला पन्नास वर्षं सांगते. त्या दिवशी वारा नव्हता.

तर उद्या सकाळी ती मुलगी येईल आणि म्हणेल, आजी, तेवढा रकाना. दुष्काळाचं तिला मी सगळं सांगणार आहे, पदराआडचंसुद्धा. पुस्तकात आलं तर येऊ दे, माझी या वयात काय अब्रू जायची? पण रकान्याचं मला ठरवता येत नाही. 'गेले' म्हणायला घरातलं आता मीच उरले आहे, आणि मला तुमचं नाव घेता येत नाही. म्हणून मी असं करणार आहे. तुमची औषधाची पेटी पडवीत आणून ठेवली आहे, पुसून. वही उघडीन आणि पहिल्या नावापाशी थांबेन, एक श्वास, फार तर दोन. मुलीबरोबर तिची कारवानी कुत्री असते, तिला दारात बसवीन. माझ्या तोंडावर पदर नसेल आणि या वेळी मी टाळू वाजवणार नाही.

हे पत्र टाकायला कुठली पेटी नाही, तेव्हा वहीतच ठेवते, पहिल्या पानात. गुडघा दुखत असला तर सावकाश या. काही असलं तरी उत्तर लवकर द्या, मामंजी. सकाळी दहाला ती येते.

तुमची सून